छोट्या क्लबांनो, पोराची एनओसी देण्याआधी हे वाचा

आमच्या क्लबमध्ये बाराव्या वर्षी आलेला एक पोरगा आज आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग, देशातली मोठी फुटबॉल लीग) एका श्रीमंत क्लबच्या करारावर आहे. त्याला घडवल्याबद्दल आमच्या क्लबला जे पैसे मिळायला हवे होते, ते दुसऱ्याच एका अकादमीने उचलले. तेही आमच्याच लेटरहेडवर, आमच्याच सचिवांच्या सहीने. ती सही सचिवांनी केलेली नाही. हे सगळं कसं घडवून आणलं ते सविस्तर लिहितोय, कारण ज्या माणसाने आम्हाला गंडवलं तो अजूनही वयोगटाच्या स्पर्धांना मैदानाच्या कडेला उभा असतो, आणि आमच्यासारख्याच दुसऱ्या क्लबांकडूनही अशाच गोष्टी कानावर येऊ लागल्या आहेत.

आम्ही कोल्हापूरचे. इथल्या फुटबॉलच्या नादाबद्दल वेगळं सांगायला नको. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा दोन तालीम संघांचा सामना असला की शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं. पण ते मोठ्या तालमींचं, मोठ्या माणसांचं फुटबॉल. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना पहाटे उठवून मैदानावर आणणारे क्लब वेगळेच असतात. दोनशे-तीनशे रुपये महिना वर्गणी, तीही निम्मी पोरं देत नाहीत आणि कोणी मागत नाही. बूट कोणीतरी देणगीत दिलेले, स्पर्धेला जायचं तर एखाद्या पालकाचा टेम्पो. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून मैदानावर येणारी पोरं वाढली आणि पालकांच्या डोळ्यांतली आशाही वाढली. त्या आशेवरच असे गंडवणारे लोक जगतात.

आमच्या पोराचं नाव लिहीत नाही. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, आई शिलाईकाम करते. डाव्या पायाचा खेळाडू, विंगवरून आत शिरायची सवय. त्याची वर्गणी आम्ही कधी घेतली नाही. दहावीच्या वर्षी अभ्यासामुळे खेळ सुटायची वेळ आली, तेव्हा आमच्या एका कार्यकर्त्याने संध्याकाळी त्याची गणिताची शिकवणी घेतली. हे उपकार म्हणून सांगत नाही. एक खेळाडू घडायला काय काय लागतं ते लोकांना कळत नाही, म्हणून सांगतो.

त्या माणसाने पोराला एका वयोगटाच्या स्पर्धेत पाहिलं. सामना संपल्यावर तो आधी वडिलांकडे गेला, आमच्याकडे नंतर आला. वरच्या लीगमधल्या क्लबसाठी आपण खेळाडू शोधतो, असं सांगितलं. मोबाइलमध्ये बड्या प्रशिक्षकांबरोबरचे फोटो, अंगात क्लबचा टी-शर्ट. बोलणं अतिशय नम्र. "सर, पोरगं तुमचंच आहे, तुमचा हक्क कुठं जात नाही. पहिला प्रोफेशनल करार झाला की ट्रेनिंगची भरपाई थेट तुमच्या खात्यावर." नियम त्याला तोंडपाठ होते. त्यामुळेच त्याच्यावर विश्वास बसला. खोटं बोलणाऱ्याला नियम माहीत नसतात असं आपण धरून चालतो. याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होते.

नियम असा आहे. बाराव्या वर्षापासून पुढे ज्या क्लबांनी खेळाडूला शिकवलं, त्यांना तो पहिल्यांदा व्यावसायिक करार करतो तेव्हा प्रशिक्षण भरपाई मिळायला हवी, असं फिफाची नियमावली सांगते. देशांतर्गत फुटबॉलमध्येही अशा क्लबांना मोबदला मिळेल अशी व्यवस्था राष्ट्रीय महासंघाने ठेवावी, हेही त्यातच आहे. शिवाय पुढे कधी तो पैसे मोजून परदेशी क्लबकडे गेला, तर त्या रकमेचे 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, त्यापुढच्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. म्हणजे एक कोटीच्या सौद्यात 12 ते 15 या वयातले चार हंगाम सांभाळणाऱ्या क्लबला एक लाख. 2017 साली नेमार 22 कोटी 20 लाख युरोंना बार्सिलोनाहून पॅरिसला गेला, तेव्हा त्याला लहानपणापासून घडवणाऱ्या ब्राझीलच्या सांतोसचा वाटा याच हिशेबाने 4 टक्के, म्हणजे जवळजवळ 90 लाख युरो होत होता. आमच्यासारख्या क्लबला लाखभर रुपये आले तरी दोन वर्षांचे चेंडू, जाळ्या आणि प्रवास निघतो.

पण हे पैसे नोंदीवर मिळतात. खेळाडू कोणत्या हंगामात कोणाकडे नोंदलेला होता, हे त्याच्या प्लेअर पासपोर्टमध्ये दिसतं. आपल्याकडे ती नोंद महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत होते. मैदानावर तुम्ही किती घाम गाळला याला तिथे रकाना नाही.

त्या माणसाची चाल इथूनच सुरू झाली. पोरगा थेट मोठ्या क्लबकडे जाणार नाही, आधी काही महिने एका निवासी अकादमीत राहील, तिथून मोठा क्लब त्याला घेईल, असं त्याने सांगितलं. कारण दिलं आहार आणि जिमचं. आमच्या सचिवांनी साधी एनओसी लिहून दिली: खेळाडूला अमुक अकादमीकडे जायला आमची हरकत नाही, प्रशिक्षण भरपाईचा आमचा हक्क कायम राहील. दुसरं वाक्य आम्ही मुद्दाम घातलं होतं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "बरोबर आहे, असंच पाहिजे." मग ऑनलाइन अपलोडसाठी म्हणून मूळ पत्राऐवजी स्कॅन मागितला, तोही रंगीत आणि जास्त रिझोल्यूशनचा, "नाहीतर सिस्टिम घेत नाही" म्हणून. त्या स्कॅनमध्ये आमचं लेटरहेड, गोल शिक्का आणि सचिवांची सही तिन्ही स्वच्छ होतं.

वडिलांकडून त्याने वेगळे पैसे घेतले, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. मेडिकल, किट, वसतिगृहाचं डिपॉझिट असं सांगत 85 हजार. "क्लबवाल्यांना सांगू नका, ते उगाच अडवतील," असंही बजावलं होतं. पोराच्या आईने त्यासाठी सोनं गहाण ठेवलं. लिहिताना आजही राग येतो. आम्हाला लुटलं ते एक वेळ सोडून देईन, पण त्या घरातलं सोनं?

ती अकादमी म्हणजे एका दुकानावरचा भाड्याचा फ्लॅट आणि तासाच्या भाड्याने घेतलेलं टर्फ. पोराला तिथे जवळपास सगळा हंगाम ठेवला. एवढा वेळ का, हे नंतर नियम वाचताना लक्षात आलं. खेळाडूला मधल्या एका क्लबच्या नावावर फक्त पैशांसाठी चढवून पुढे पाठवणं याला ब्रिज ट्रान्सफर म्हणतात. फिफाने 2020 पासून त्यावर बंदी घातली आहे आणि लागोपाठची दोन स्थलांतरं 16 आठवड्यांच्या आत झाली तर तसंच झालं असं गृहीत धरलं जातं. हा नियम आंतरराष्ट्रीय पातळीवरचा आहे, पण या माणसाला तो माहीत होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याने ती मुदत आरामात ओलांडू दिली.

मग एके दिवशी मोठ्या क्लबने सोशल मीडियावर पोराचा फोटो टाकला. हातात जर्सी, खाली अकादमीचं नाव, अकादमीचे आभार. आमचं नाव कुठेच नाही. आम्ही पोरासाठी खरोखर आनंदलो, मैदानावर पेढे वाटले, आणि दुसऱ्या आठवड्यात भरपाईसाठी रीतसर मेल केला. मोठ्या क्लबचं उत्तर सभ्य होतं: भरपाई अकादमीला दिलेली आहे, आणि तुमच्या क्लबने सर्व हक्क अकादमीला दिल्याचं पत्र आमच्याकडे आहे. सोबत ते पत्र जोडलेलं.

पत्र इंग्रजीत, सात ओळींचं. वर आमचं लेटरहेड, खाली शिक्का आणि सही. मजकुरात लिहिलेलं की खेळाडूच्या आजवरच्या आणि पुढच्या सगळ्या प्रशिक्षण भरपाईवर आमचा कोणताही दावा नाही आणि तो हक्क अमुक अकादमीकडे देत आहोत. सहीचा शेवटचा फराटा शिक्क्याच्या कडेला जिथे टेकला होता, नेमका तिथेच तो आमच्या खऱ्या एनओसीतही टेकलेला आहे. हाताने केलेल्या दोन सह्या आणि दोनदा मारलेला शिक्का इतके तंतोतंत कधीच जुळत नाहीत. आणि पत्रावर जी तारीख टाकली आहे, त्या दिवशी आमचे सचिव मिरजेत दवाखान्यात होते, आदल्या दिवशी त्यांचं ऑपरेशन झालेलं. डिस्चार्ज कार्ड आमच्याकडे आहे.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "सर, पेपरवर्क अकादमीचं आहे, माझा काय संबंध." अकादमीवाले म्हणाले, पत्र त्यानेच आणून दिलं. पोराच्या पगारातला पाचवा हिस्सा तो दर महिन्याला घेतो, हेही तेव्हा बाहेर आलं. फिफाच्या 2023 च्या एजंट नियमांत दोन लाख डॉलरपर्यंतच्या वार्षिक कमाईवर खेळाडूकडून जास्तीत जास्त 5 टक्के घेण्याची मर्यादा होती (कोर्टातल्या वादामुळे ती डिसेंबर 2023 मध्ये स्थगित झाली), आणि एजंटकडे परवाना तर लागतोच. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येते. या माणसाचं नाव त्यात नाही. पोरगा अल्पवयीन असेल तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय एजंटने त्याच्याशी बोलणीही करायची नसतात. आणि आपल्या 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार मुळात टिकतच नाही. तरी वसतिगृहात पोराकडून दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या.

सगळ्यात अवघड गोष्ट पुढे होती. तक्रार करायचं ठरलं तेव्हा पोराचे वडील घरी आले. बराच वेळ नुसते बसून राहिले, मग म्हणाले, "सर, तुमचं खरं हाय. पण ह्यात माझ्या पोराचं नाव आलं तर त्येला बाकावर बसवत्याल. निदान वर तरी गेलंय पोरगं. जाऊ द्या की." काय उत्तर द्यावं मला कळेना. या लोकांचा सगळा धंदा याच भीतीवर चालतो. घरची माणसं पोराच्या करिअरसाठी गप्प बसतात, क्लब पोराच्या प्रेमापोटी गप्प बसतो, आणि तो माणूस पुढच्या मैदानावर जातो. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की तक्रार मोठ्या क्लबविरुद्ध नाही आणि पोराविरुद्ध तर अजिबात नाही, ती बनावट पत्राविरुद्ध आहे. महिनाभराने ते स्वतः 85 हजारांच्या ऑनलाइन पेमेंटचे स्क्रीनशॉट घेऊन आले.

काही जण म्हणतात, छोट्या क्लबचं नशीबच असं, जगभर हेच चालतं. ते अर्धंच खरं आहे. इंग्लंडमध्ये 2012 पासून लहान मुलांच्या बदल्यांचे दर ठरवून दिले, तेव्हा श्रीमंत क्लबांना ती मुलं स्वस्तात मिळू लागली. ब्रेंटफर्डची दोन पोरं मँचेस्टरच्या दोन क्लबांनी प्रत्येकी सुमारे 30 हजार पौंडांत नेली आणि 2016 साली ब्रेंटफर्डने आपली अकादमीच बंद केली. तो अन्याय होता, पण नियमातला होता. त्यावर उघड भांडता येतं. आमच्याकडे जे झालं ती चोरी आहे. दोन्हीचा शेवट मात्र एकच होऊ शकतो, पहाटे पोरांना उठवणारी माणसं कंटाळून घरी बसतील. आमच्या क्लबच्या बैठकीत हा विषय निघालाच होता. एका जुन्या कार्यकर्त्याने विचारलं, "कुणासाठी करायचं मग?" तेव्हा कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीसारखा मैदानावर होता.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. एनओसी फक्त कागदावर देतो, निळ्या शाईने, सही शिक्क्यावरून जाईल अशी, आणि प्रत्येक पत्राला जावक क्रमांक असतो. स्कॅन द्यावाच लागला तर कमी रिझोल्यूशनचा, आणि आडवं ठळक अक्षरात कोणासाठी आणि कशासाठी ते लिहून. पोरगा मध्ये कुठेही जाणार असला तरी शेवटी ज्या क्लबकडे जायचं म्हणतात, त्या क्लबच्या अधिकृत मेलवर आम्ही स्वतः लिहितो: हा खेळाडू या हंगामापासून या हंगामापर्यंत आमच्याकडे नोंदलेला आहे, आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही, सोडल्याचं पत्र कोणी दाखवलं तर आधी आम्हाला विचारा. एक पैसा खर्च नाही. हाच मेल आधी गेला असता, तर ते सात ओळींचं पत्र चाललं नसतं. आणि प्रत्येक पोराची नोंद बाराव्या वर्षापासून दर हंगामाला सीआरएसमध्ये होतेच, मग तो त्या वर्षी एक सामना खेळो की वीस. नोंदीच्या पानाचा प्रिंट काढून पालकांनाही देतो. पालकांना पहिल्याच बैठकीत सांगतो की ट्रायलसाठी, किटसाठी, डिपॉझिटसाठी कोणी पैसे मागितले तर आधी आम्हाला फोन करा, रात्री अकरा वाजता असला तरी.

वेळेकडेही लक्ष ठेवा. फिफाकडे जाणाऱ्या वादांना दोन वर्षांची मुदत आहे, त्यानंतर ते ऐकूनच घेत नाहीत. म्हणून "बघू, पोरगं स्थिरावू दे" म्हणत बसू नका.

आमची तक्रार राज्य संघटनेकडे आणि महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीकडे गेली आहे. पोलिस ठाण्यात आधी हा दिवाणी मामला आहे असं सांगून परत पाठवलं. वकिलांना घेऊन पुन्हा गेलो आणि फसवणूक व बनावट दस्तऐवज, म्हणजे भारतीय न्याय संहितेची 318 आणि 336 ही कलमं लिहून दिली, तेव्हा लेखी तक्रार घेतली. मूळ एनओसी, बनावट पत्राची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि वडिलांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. ज्या क्लबांनी गेल्या काही हंगामांत एखादा पोरगा अशा मधल्या अकादमीमार्फत वर पाठवला आहे, त्यांनी मोठ्या क्लबला मेल करून आपल्या नावाचं कोणतं पत्र त्यांच्या फाइलमध्ये आहे ते मागवून घ्या. पत्र आलं की सही आणि शिक्का तुमच्या जुन्या एनओसीवर ठेवून उजेडात धरा, आणि तारखेच्या दिवशी सही करणारा माणूस कुठे होता ते तपासा. जुळत नसेल तर तुमच्या तक्रारीत आमच्यासारखीच दुसरी तक्रार आहे हे जरूर लिहा. एकाच माणसाविरुद्ध दोन-तीन ठिकाणची कागदपत्रं समोर आली, तर पोलिसांना ती बाजूला ठेवता येणार नाहीत.