जुना कॉम्प्युटर, ४के मॉनिटर आणि पुढे-मागे होणारा आवाज: पैसा नेमका कुठे घालायचा?

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडच्या आमच्या गावात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री झालेल्या नाटकाचं शूटिंग आम्ही अभ्यासिकेतल्या नव्या ४के मॉनिटरवर लावलं. कॉम्प्युटर जुनाच, एका ऑफिसातून निघालेला. पहिल्याच पदाला मागून एक आजोबा म्हणाले, "आवाज पयले येते ना हात मंग पडते." बरोबर होतं. तबलजीची बोटं हवेत असतानाच थाप ऐकू येत होती. गावच्या कलाकारांनी रात्रभर जागून केलेलं काम असं विस्कटलेलं बघवत नाही. तेव्हापासून अशी तक्रार घेऊन जो येतो, त्याच्यासोबत मी बसतो. उपाय बरेच आहेत, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आवाज थोडा मागून आला तर आपल्याला फारसं खटकत नाही. बांधीच्या (धानाच्या शेताच्या) पलीकडच्या धुऱ्यावर कोणी लाकूड फोडत असेल तर घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. ३४ मीटरवर साधारण १०० मिलिसेकंदांचा हा फरक, आणि मेंदूला त्याची जन्मापासून सवय. आवाज आधी आला की मात्र लगेच कळतं. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतही हेच आहे: आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की जाणवतो, मागे पडला तर १२५ पर्यंत खपून जातो.

म्हणून पैसे काढण्याआधी एक परीक्षा घ्या. फोनवर २० मिनिटांचं शूटिंग करा, सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. ते कॉम्प्युटरवर सलग चालवा. दोन्ही टाळ्यांना फरक सारखाच असेल तर तो ठरलेला उशीर. शेवटच्या टाळीला फरक वाढला असेल तर कॉम्प्युटरला झेपत नाहीये, किंवा फाईलमध्येच दोष आहे. तीच फाईल फोनवर नीट चालली तर कॉम्प्युटरकडे बघायचं.

ठरलेल्या उशिराला एक रुपयाही लागत नाही. व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं के (K) दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद मागे सरकतो, जे (J) दाबलं की तेवढाच पुढे येतो. आमच्या नाटकाला तीनदा के दाबलं आणि थाप बोटांखाली आली. पण हे फक्त त्या प्लेअरपुरतं. यूट्यूबवर लेक्चर बघणाऱ्या पोरांना त्याचा उपयोग नाही. तिथे मुळातच हात घालावा लागतो. मॉनिटर म्हणून टीव्ही वापरत असाल तर चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात तो चित्र उशिरा दाखवतो, आणि कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकातून थेट स्पीकरला गेलेला आवाज पुढे निघतो. टीव्हीत गेम मोड लावा, किंवा आवाज एचडीएमआयनेच पाठवून स्पीकरची वायर टीव्हीच्या मागे जोडा. उलट, आवाज मागे पडत असेल आणि ब्लूटूथ स्पीकर असेल तर दुसरीकडे शोधूच नका. साध्या ब्लूटूथमध्ये १०० ते २५० मिलिसेकंद सहज जातात. वायरचा स्पीकर लावा.

वाढत जाणारा फरक हे खरं दुखणं. १०८० च्या, म्हणजे फुल एचडी, चित्रात २०,७३,६०० ठिपके, ४के मध्ये ८२,९४,४००, म्हणजे चौपट. यूट्यूब ४के चित्र व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने दाबून लहान करून पाठवतं आणि नवे फोन बहुतेकदा एचईव्हीसीमध्ये शूटिंग करतात. हे उलगडायची सोय जुन्या चिपमध्ये नसते. सगळा भार प्रोसेसरवर येतो, चित्र अडखळतं आणि आवाज पुढे निघून जातो. इथे के-जे दाबत बसणं व्यर्थ आहे. पाच मिनिटांनी फरक पुन्हा वाढलेला असतो.

इथे दोन रस्ते आहेत. एक, मागणी कमी करा: व्हिडिओ १०८० वर ठेवा, ब्राउझरमध्ये एच२६४ईफाय (h264ify) हे एक्स्टेंशन टाका म्हणजे यूट्यूब जुन्या चिपला झेपणारं चित्र देतं, आणि फोनचं शूटिंग हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून एच.२६४ या जुन्या पद्धतीत आणि कॉन्स्टंट फ्रेमरेटवर (सेकंदाला ठरलेली चित्रं) काढून घ्या. फोन फ्रेमचा वेग कमी-जास्त करत शूट करतो, एडिटिंगमध्ये आवाज सरकतो तो बऱ्याचदा त्यामुळेच. दुसरा रस्ता ग्राफिक्स कार्डाचा. एनव्हिडियाचं जीटी १०३० व्हीपी९ आणि एचईव्हीसी दोन्ही स्वतः उलगडतं, ३० वॉटमध्ये भागवतं, वेगळी पॉवरची वायर मागत नाही आणि छोट्या कॅबिनेटसाठी बुटकंही मिळतं. त्याच्या जागी दुकानदार जीटी ७१० पुढे करेल, ते घेऊ नका. त्यात एचडीएमआय १.४ आहे, ४के ला सेकंदाला ३० च चित्रं, आणि व्हीपी९ ची सोय नाही.

मला विचाराल तर अभ्यासिकेसाठी पहिला रस्ता पुरे. हातभर अंतरावरून लेक्चरचा फळा १०८० मध्येही स्वच्छ वाचता येतो. कार्ड त्यांनी घ्यावं जे नाटकं, लग्नं ४के मध्ये शूट करून त्यावरच पोट भरतात.

वायरीचं थोडक्यात. व्हीजीए या जुन्या वायरीतून आवाज जातच नाही. कन्व्हर्टर लावलात तरी आवाजाची वेगळी वायर लागते आणि चित्र बहुधा १०८० वरच थांबतं. इंटेल प्रोसेसरच्या चौथ्या पिढीपासूनच्या ऑफिस कॉम्प्युटरला मागे डिस्प्लेपोर्ट असेल तर तीच वायर लावा, ४के ला सेकंदाला ६० चित्रं मिळतात.

कॉम्प्युटरच बदलायचा असेल तर जुन्या मालात इंटेलच्या सातव्या पिढीच्या खालचा घेऊ नका. व्हीपी९ आणि एचईव्हीसीची पूर्ण सोय तिथून आहे. पण त्याचंही एचडीएमआय बहुधा १.४ चंच असतं, डिस्प्लेपोर्ट आहे का ते बघा.

आपल्याकडची एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की डिसेंबरात नीट चालणारा कॉम्प्युटरही मागे पडायला लागतो. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. एका घरी मी झाकण उघडलं तर हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या) पट्ट्यांमध्ये राइस मिलचा भुसा गच्च बसलेला. ब्रशने काढला, नवी थर्मल पेस्ट लावली आणि तोच कॉम्प्युटर तासभर न अडखळता चालला. तिथे कार्डाचे पैसे वाचले. तेव्हा आधी झाकण उघडा.

आणि शेवटी कार्ड किंवा कॉम्प्युटर घ्यायला ब्रह्मपुरीला, नागपूरला गेलातच, तर टाळीचं ते शूटिंग पेन ड्राइव्हवर सोबत न्या. दुकानातल्या ४के मॉनिटरवर पूर्ण २० मिनिटं चालवा, शेवटची टाळी बघा आणि मगच पैसे द्या.