मेहेर सिग्नलजवळचं भाषांतर-कागदपत्रांचं ऑफिस: ऑस्ट्रेलियाच्या पीआर फाईलचा अनुभव

नाशिकमध्ये बसून ऑस्ट्रेलियाच्या पीआरचे, म्हणजे तिकडे कायमचं राहायच्या परवानगीचे, कागद जमवायचे असतील तर मेहेर सिग्नलवरून अशोक स्तंभाकडे जाताना एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, एक छोटं ऑफिस आहे. आमचं काम तिथे झालं आणि फार चांगलं झालं. सरांनी नाव इंटरनेटवर टाकू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे टाकत नाही. खालच्या झेरॉक्सवाल्याला ‘कोर्टातले भाषांतरवाले सर’ असं विचारलं की तो जिना दाखवतो. सरांनी नोकरीभर कोर्टाच्या कागदांची भाषांतरं केली. आता सून स्कॅनिंग आणि फायली सांभाळते, सर मजकूर बघतात.

आमची केस आधी सांगते, म्हणजे तुमच्याशी किती जुळते ते कळेल. आमचे हे डिझेल मेकॅनिक. अंबडच्या वर्कशॉपमध्ये ट्रक आणि जेसीबी दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली, २०२३ मध्ये ४८२ व्हिसावर पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला गेले. सोन्याच्या खाणींचं गाव आहे ते. मुलीची दहावी व्हायची होती म्हणून आम्ही दोघी पाथर्डी फाट्यालाच राहिलो. ४८२ हा तात्पुरता कामाचा व्हिसा, कंपनीच्या नावाशी बांधलेला. पुढे कायमचं राहायचं तर कंपनीनेच नामांकन करायचं आणि आपण १८६ नंबरच्या व्हिसाचा अर्ज भरायचा. ४८२ वरून येणाऱ्यांसाठी त्यात वेगळी वाट आहे, तिला तिकडे टीआरटी म्हणतात. आधी ३ वर्षं नोकरी लागायची, २५ नोव्हेंबर २०२३ पासून गेल्या ३ वर्षांपैकी २ वर्षं पुरतात. अर्ज भरताना वयाची ४५ पूर्ण झालेली चालत नाहीत, थोड्याच लोकांना त्यातून सूट आहे. ह्यांना चव्वेचाळीस लागलेलं होतं.

त्यातच ह्यांचं तिकडचं पहिलं वर्कशॉप मालकाने बंद केलं. तेव्हा घरात जे वातावरण होतं ते मी शब्दांत नाही सांगू शकत. १ जुलै २०२४ पासून नोकरी सुटल्यावर दुसरी कंपनी शोधायला एका वेळी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते, आधी ती ६० दिवसांची होती. त्या मुदतीत दुसरी कंपनी मिळाली, तिचं नामांकन मंजूर झालं आणि हे कामाला लागले. पण २ वर्षं नव्याने मोजली असती तर वय निघून गेलं असतं. ७ डिसेंबर २०२४ पासून नियम बदलला आणि कुठल्याही मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडची, म्हणजे व्हिसावर माणसं नेणाऱ्या कंपनीकडची, नोकरी मोजायला लागले, म्हणून आमची फाईल उभी राहिली. असं काही तुमच्या माणसाच्या बाबतीत झालं असेल तर धीर सोडू नका, आधी तारखा लिहून काढा.

ह्या ऑफिसला जायच्या आधी आम्ही शहरातल्या एका मोठ्या, एसी, परदेशी झेंडे लावलेल्या ऑफिसात गेलो होतो. तिथे तीन गोष्टी सांगितल्या. कौशल्याचं मूल्यांकन पुन्हा करावं लागेल. मराठी कागदांचं भाषांतर नाटीवाल्या (नाटी म्हणजे भाषांतरकारांना मान्यता देणारी ऑस्ट्रेलियातली संस्था) भाषांतरकाराकडूनच लागेल, ते आम्ही करून देऊ, पानामागे इतके. आणि ‘कंपनीला द्यायला’ म्हणून लाखांत रक्कम. बाहेर आल्यावर माझे हात थरथरत होते, कारण ती रक्कम म्हणजे गावाकडची जमीन विकणं.

तिन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. आमच्यासारख्या टीआरटीच्या अर्जाला सहसा पुन्हा मूल्यांकन लागत नाही, ते थेट अर्ज करणाऱ्यांना लागतं. ह्यांचं तर ४८२ च्या वेळीच झालेलं होतं. नाटी ऑस्ट्रेलियात केलेल्या भाषांतराला लागते. भारतात केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचं पूर्ण नाव, पत्ता, फोन, शिक्षण आणि त्या भाषेतला अनुभव इंग्रजीत लिहिलेला असला की चालतं. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं, घेणं, देऊ करणं हे ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात डिसेंबर २०१५ पासून बेकायदा आहे. नामांकनाबरोबर कंपनीला एक सरकारी लेव्ही भरावी लागते, उलाढालीप्रमाणे ३,००० किंवा ५,००० डॉलर. ती कंपनीनेच भरायची, कामगाराच्या पगारातून कापायची नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकीने आपल्या नवऱ्याला, भावाला आजच फोन करून सांगा.

आता सरांच्या ऑफिसबद्दल. आम्ही बसलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तिकडे तुमचा अर्ज कोण भरतंय? त्यांचा नोंदणी नंबर आहे का?” ऑस्ट्रेलियात मायग्रेशनचा सल्ला देणाऱ्या एजंटला सात आकडी मार्न नंबर असतो आणि तो सरकारी यादीत कुणालाही तपासता येतो. सुनेने तिथल्या तिथे यादी उघडून आमच्या पर्थच्या एजंट बाईंचं नाव दाखवलं. मग सर म्हणाले, “व्हिसाचा सल्ला मी देणार नाही. तो त्यांचा विषय. त्या जी यादी पाठवतील त्यातला एकेक कागद मी तुम्हाला चोख करून देईन.” आणि शेवटपर्यंत तसेच वागले. काही अडलं की म्हणायचे, पर्थला मेल टाका, उत्तर आलं की या. आधीच्या अनुभवानंतर मला ह्याचं फार मोल वाटलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो माझ्या नावात. आपल्याकडच्या बायकांचं हे असंच असतं. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पदवीवर तेच, आधारवर नवऱ्याचं, पासपोर्टवर नवऱ्याचं पण स्पेलिंग वेगळं. सरांनी एका कागदावर तक्ता केला: कुठल्या कागदावर कुठलं नाव, कुठल्या तारखेचं. त्यावरून एक प्रतिज्ञापत्र आणि फॉर्ममधल्या ‘इतर नावं’ ह्या रकान्यासाठी यादी. माझा जन्म कळवण तालुक्यातला. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर मुलीच्या नावाचा रकाना कोरा, फक्त ‘स्त्री’ आणि आईवडिलांची नावं. माझा भाऊ सोबत होता, तो सरळ म्हणाला, “सर, इंग्रजीत हिचं नाव टाकूनच द्या ना, कोण बघतंय?” सर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “दादा, कोऱ्या रकान्याचं भाषांतर कोरंच राहतं.” त्यांनी ‘नाव नोंदलेले नाही’ असं लिहिलं, जोडीला शाळा सोडल्याचा दाखला लावला, आणि तसं पर्थला कळवायला लावलं. तिकडच्या बाईंनी नंतर सांगितलं की खोटी माहिती किंवा कागद सापडला तर अर्ज नाकारतात आणि वर ३ वर्षं बंदी येऊ शकते, ओळखीबाबत असेल तर १० वर्षं. भाऊ परत येऊन सरांच्या पाया पडला, हे मुद्दाम लिहिते.

दुसरं, नोटरी. मी सगळ्या झेरॉक्सवर शिक्के मारून घ्यायच्या तयारीने गठ्ठा घेऊन गेले होते. त्यांनी परत पाठवला. मूळ कागद रंगीत स्कॅन करून अपलोड करायचे असतात, वेगळं मागितल्याशिवाय साक्षांकन लागत नाही. स्वतःचंच उत्पन्न त्यांनी त्या दिवशी नाकारलं.

तिसरं काम माझ्या इंग्रजीचं. जोडीदाराला कामापुरतं इंग्रजी येतं हे दाखवता आलं नाही तर व्हिसा देण्याआधी फीचा हजारो डॉलरचा आणखी एक हप्ता भरावा लागतो. माझं बीकॉम इंग्रजी माध्यमातून, पुणे विद्यापीठाचं. पर्थच्या बाईंनी कॉलेजचं पत्र मागितलं. सुनेने कॉलेजला द्यायचा अर्ज असा नेमका लिहून दिला, की पत्रात कोर्सचा कालावधी आणि ‘संपूर्ण शिक्षण इंग्रजीतून’ हे दोन्ही आलं. ह्यांना मात्र इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यावी लागली, कारण १८६ ला आयएल्ट्स ह्या परीक्षेच्या चारही भागांत किमान ६ लागतात. पाळी संपवून रात्री अभ्यास केला त्यांनी.

फॉर्म ८० म्हणून अर्जदाराच्या पूर्वीच्या माहितीचा एक फॉर्म असतो, त्यात १० वर्षांचे सगळे पत्ते खंड न पडता लागतात. भाड्याची घरं बदललेल्या माणसांनी जुने वीजबिल, गॅसचं कार्ड, काही असेल ते जपून ठेवा. पोलीस क्लिअरन्स माझं पासपोर्ट सेवा केंद्रातून, त्यात ह्या ऑफिसचा काही संबंध नव्हता आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. मेडिकल मुंबईला झालं, तेही ऑस्ट्रेलिया सरकारच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच करावं लागतं.

उणिवाही सांगते. काम हळू चालतं. सर प्रत्येक पान स्वतः दोनदा वाचतात, त्यामुळे दिलेली तारीख पुढे जाते. दाखल्यांची भाषांतरं सांगितल्यापेक्षा उशिरा मिळाली आणि वयाची मुदत डोक्यावर असताना मला रात्री झोप लागत नव्हती. घाईच्या केसला त्यांनी वेगळी रांग ठेवायला हवी, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर संध्याकाळी सातनंतरच येतं. जिना अरुंद, वयस्कर माणसांना त्रास होतो. गाडी लावायला जागा नाही, त्यात सिंहस्थाची रस्त्यांची कामं, तेव्हा रिक्षानेच जा. पैसे पानाप्रमाणे घेतात, आधी कागद मोजून आकडा लिहून देतात आणि तोच घेतात. पावती मिळते.

अर्ज ह्यांच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आत भरला गेला. नामांकन आणि व्हिसाचा अर्ज एकत्रच टाकला, त्यात आम्हा दोघींची नावं आहेत. निकाल अजून यायचाय. पर्थच्या बाईंकडून भाषांतराबद्दल किंवा नावांबद्दल एकही शंका परत आली नाही.

जाणाऱ्यांनी एवढं करा: मूळ कागदच न्या, मोबाईलमधले फोटो ते घेत नाहीत. एजंटची यादी छापून न्या. लग्नाआधीचे आणि नंतरचे कागद वेगळ्या पाकिटात ठेवा. आणि मुदत असेल तर पहिल्याच भेटीत तारीख सांगा, सुनेला वहीत लाल पेनाने लिहायला लावा.