सूर्यघरचे अनुदान आणि भारतनेटची जोडणी: दापोली तालुक्यातील एका घरातून

छपरावरील सौर वीज आणि फायबरचे इंटरनेट या दोन्ही सोयी आमच्या वाडीत सरकारी अनुदानाच्या आधारे आल्या, आणि दोन्हींनी एक पूर्ण पावसाळा काढल्यानंतरच त्यांच्याविषयी लिहावे, असे ठरवले होते. माझे मत आधीच सांगतो. अनुदान मिळवणे आता पूर्वीइतके किचकट राहिलेले नाही. मात्र खारा वारा, जांभा दगड आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस असलेल्या आमच्या किनाऱ्यावर, उभारलेली वस्तू पुढे कोण सांभाळणार याचे उत्तर योजनेत किती स्पष्ट आहे, यावरच तिचे मोल ठरते.

घराच्या छपरावर सौर संच बसवण्यासाठी अनुदान देणारी केंद्र सरकारची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असून एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये असे अनुदान मिळते, म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये, त्यापुढे वाढ नाही. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर वीजग्राहक क्रमांक टाकून करायचा, दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला तांत्रिक मंजुरीसाठी वेगळे थांबावे लागत नाही, नोंदणीकृत विक्रेत्यांच्या यादीतून आपण विक्रेता निवडायचा, आणि नेट मीटर (तारेतून घेतलेली आणि तारेत सोडलेली अशी दोन्ही वीज मोजणारे मीटर) बसून संच सुरू झाल्यावर रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. आम्ही तीन किलोवॅटचा संच घेतला. पोर्टलवर प्रत्येक टप्प्याची नोंद दिसत राहते, त्यामुळे अर्ज कुठे अडला आहे हे कोणालाही विचारावे लागले नाही, आणि पैसे सांगितलेल्या मुदतीत आले. सरकारी कामाचा असा अनुभव मनापासून नोंदवावासा वाटतो.

खरी अडचण पोर्टलच्या अलीकडे, घरातच असते. कोकणात विजेचे बिल अनेकदा आजोबांच्या नावावर येते, आजोबा जाऊन वीस-पंचवीस वर्षे झालेली असतात, आणि घर सामाईक असल्यामुळे वाटेकरी मुंबई, ठाणे, पुणे असे पांगलेले असतात. अर्जदार आणि वीजग्राहक एकच असावा लागतो, शिवाय बँक खात्यावरील नाव बिलावरील नावाशी जुळावे लागते. आमच्याकडे जोडणी नावावर करून घेण्यासाठी घरपट्टीचा उतारा, वारसांची संमतीपत्रे आणि मृत्यूचा दाखला लागला. एका चुलतभावाची सही गणपतीला सगळे गावी आले तेव्हाच मिळाली. संच बसवायला जितका वेळ लागला, त्याच्या कितीतरी पट वेळ या एका फाइलीने घेतला. म्हणून ज्यांचा विचार नक्की आहे, त्यांनी विक्रेत्याला फोन करण्याआधी बिलावरचे नाव पाहावे आणि ते काम शिमग्याला किंवा गणपतीला माणसे जमतील तेव्हा उरकून घ्यावे.

उभारणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण कोकणातील घर आणि योजनेच्या जाहिरातीतील घर यांत बरेच अंतर आहे. आमचे मुख्य घर कौलारू आहे आणि मंगलोरी कौलांवर पॅनेलचा सांगाडा टेकवता येत नाही. मागच्या बाजूच्या न्हाणीघरावर आणि पडवीच्या काही भागावर स्लॅब आहे, तिथे जागा निघाली, पण दक्षिणेकडील दोन माडांची सावली दुपारनंतर पडत असल्यामुळे सांगाडा उंच करावा लागला. विक्रेत्याने पहिल्यांदा आणलेले अँगल साध्या लोखंडाचे होते आणि त्यांवर रुपेरी रंग मारलेला होता. नखाने खरवडल्यावर खालचे काळे लोखंड दिसले. समुद्रापासून इतक्या जवळ असा सांगाडा दोन पावसाळ्यांत गंजतो, म्हणून गरम जस्तात बुडवून काढलेले अँगल आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट यांचा आग्रह धरला. काही दिवस कुरबुर झाली, वाढीव खर्चाचा काही भाग आम्ही सोसला, आणि अखेर सांगाडा बदलून मिळाला. अर्थिंगचेही तसेच. जांभ्याच्या कातळात खड्डा खणणे कष्टाचे असते आणि कोरडा जांभा वीज नीट शोषत नाही, त्यामुळे उथळ खड्ड्यात सळई उभी करून काम संपवण्याकडे कल असतो. वळवाच्या विजा आमच्या डोंगरावर नित्याच्या आहेत. पॅनेलची बाजू, इन्व्हर्टरची बाजू आणि वीजरोधक (आकाशातून पडणारी वीज जमिनीत उतरवणारा) यांचे तीन स्वतंत्र खड्डे खणून, आपल्यासमोर मीटर लावून मोजणी करून घेतल्याशिवाय काम पूर्ण झाल्याची सही करू नये.

वीज मात्र चांगली मिळते. तीन किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने महिन्याला तीनशे युनिटांच्या आसपास निर्मिती करतो, असे योजनेत सांगितले जाते, आणि आमचा अनुभव त्याच्या जवळपास आहे. जुलैत निर्मिती मे महिन्याच्या जवळजवळ निम्म्यावर आली, पण उन्हाळ्यातील शिल्लक युनिटे नेट मीटरमुळे पुढच्या बिलांत वळती होत असल्याने पावसाळ्याचे बिलही हलकेच राहिले. पॅनेलवर बसणारी रस्त्याची लाल धूळ आणि पक्ष्यांची घाण मार्च ते मे या काळात वरचेवर धुवावी लागते. पावसाळ्यात ती चिंता नसते, फक्त कडांना शेवाळ धरते.

एक गोष्ट विक्रेते स्वतःहून सांगत नाहीत आणि ती कोकणात सर्वांत महत्त्वाची आहे. महावितरणच्या तारेत वीज नसेल तेव्हा असा साधा संच स्वतःहून बंद पडतो, भर दुपारी लख्ख ऊन असले तरीही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला मागून धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते आणि ती योग्यच आहे. परंतु वादळात आपल्याकडे दिवा लागेल या आशेने कोणी पैसे गुंतवणार असेल, तर त्याला हायब्रिड इन्व्हर्टर (तारेत वीज नसतानाही बॅटरीवर घर चालवणारा) आणि बॅटरी लागते, आणि बॅटरीसाठी या योजनेत वेगळे अनुदान नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरले, तेव्हा दापोली आणि मंडणगडमध्ये खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक आठवडे अंधारात राहिली. किनारपट्टीच्या जिल्ह्यांसाठी बॅटरीला थोडा तरी हातभार मिळावा, अशी मागणी आमच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे.

आता इंटरनेट. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या प्रकल्पाला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली, पुढे त्याचे नाव भारतनेट झाले. त्याचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून घेतल्या जाणाऱ्या पाच टक्के आकारणीतून येतो, आणि त्या निधीला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. ग्रामपंचायतीपासून आमच्या घरापर्यंतची तार एका स्थानिक केबलचालकाने ओढली. जोडणी चालू असते तेव्हा तिच्याविषयी तक्रार करायला जागा नाही: मुलांचे वर्ग, आंब्याच्या पेट्यांचे व्यवहार, मुंबईतील डॉक्टरांशी व्हिडिओवरील बोलणे, सारे विनासायास होते. बंद पडते तेव्हा मात्र वाली उरत नाही. पावसाच्या तोंडावर रस्त्याच्या साइडपट्टीचे खोदकाम करताना तार तुटली, आणि जोड कोणी मारायचा यावर दोन कंत्राटदारांची बोलाचाली संपेपर्यंत वाडी इंटरनेटविना राहिली. तंत्रज्ञ जोडयंत्र घेऊन आला, तेव्हा काम अर्ध्या तासाचेच होते.

हे दुखणे सुरुवातीच्या आखणीत आहे. जुन्या टप्प्यांत तार एका सरळ रेषेत गेलेली आहे, त्यामुळे एके ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावे तुटतात. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायती वर्तुळाकार जाळ्याने जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की उभारणी करणाऱ्यावरच पुढील दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकलेली आहे. सूर्यघरमध्ये विक्रेत्यावर पाच वर्षांची देखभाल बंधनकारक आहे, पण ती करून घेण्याचा सगळा भार एकट्या घरमालकावर पडतो. त्यामुळे कागदावर तरी मला भारतनेटची नवी आखणी अधिक विचारपूर्वक केलेली वाटते.

शिवाय दोन्ही सोयी अखेर महावितरणच्या त्याच खांबांवर विसंबून आहेत. वीज गेली की सौर संच थांबतो, आणि ग्रामपंचायतीतील यंत्राची बॅटरी उतरली की इंटरनेटही जाते. या दृष्टीने पाहिले, तर जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून अलिबाग, रत्नागिरी आणि सातपाटी येथे हाती घेतलेल्या भूमिगत वीजवाहिन्यांचा खर्च मला सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो. तो लाभ मोठ्या गावांपुरता न राहता खाडीकाठच्या वाड्यांपर्यंत यायला हवा.

घर बाराही महिने नांदते असेल आणि बिल महिन्याला दोनशे युनिटांच्या वर जात असेल, तर सूर्यघरचा संच जरूर घ्यावा. केवळ मे महिन्यात आणि गणपतीत उघडणाऱ्या घराला तो परवडत नाही, आणि व्यापारी वर्गवारीच्या जोडणीला हे अनुदान मिळत नाही. फायबरची जोडणी मात्र मिळेल तिथे घ्यावी. आमच्या शेजारची काही घरे आता अर्ज करत आहेत. विक्रेत्याशी होणाऱ्या करारात जस्तलेपित सांगाडा, अर्थिंगच्या तीन खड्ड्यांच्या मोजणीचे आकडे आणि पाच वर्षे दर पावसाळ्याआधी एक तपासणी, या तिन्ही गोष्टी स्वतंत्र ओळींत लिहून घेतल्यावरच ती सही करणार आहेत.