चतुर्थीच्या खळ्यात सांगावं की डॉक्टरांच्या खोलीत?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करायचं हे तुमचं ठरलंय, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) की बायपास (जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडणं) हेही डॉक्टरांशी बोलून झालंय आणि आता घोडं अडलंय ते घरच्यांपाशी, असं धरून लिहितो. घरच्यांना सांगायच्या दोन रीती मी करून बघितल्या. एक फसली, एक जमली. पण फसलेलीत काहीच नव्हतं असंही नाही.

तिसरी रीत म्हणजे न सांगता उरकायचं. एका मित्राने सुचवली होती, "मुंबईला कामाला जातो म्हणून सांग आणि ये करून." ती मी लगेच सोडली. हॉस्पिटलवाले संमतीच्या सहीला आणि सोबतीला घरचं माणूस मागतात. पुढचे निदान दोन आठवडे नुसतं पातळ प्यायचं, आणि बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, डी यांच्या गोळ्या जन्मभर. आमच्याकडे ताटात आमटीभात उरला तर शेजारणीला कळतं, तिथे हे काय लपणार?

तर पहिली रीत, सगळ्यांना एकदम. 2022 ची गणेशचतुर्थी, कोकणातल्या आमच्या घरी. चाकरमानी आलेले, रात्रीचं भजन आटपलेलं, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव फिरत होते. मी 118 किलो, उंची साडेपाच फूट, साखर दोन गोळ्यांनीही न आवरणारी, आणि रात्री झोपेत श्वास अडकतो म्हणून तोंडावर मशीन. मला वाटलं, बत्तीस माणसं एका जागी आहेत, एकदाच सांगून टाकू, कोणाला रुसायला जागा नको.

या रीतीचे फायदे खरे आहेत. मुंबईच्या भावाने तिथल्या तिथे पैशाची जबाबदारी घेतली. माझ्या विम्यात हे बसतं का, तेही त्यानेच शोधलं. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, 40 च्या वर असेल, किंवा 35 च्या वर असून आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असं काही असेल, तर हे ऑपरेशन धरतात. माझा बीएमआय 42. हे मला एकट्याला सुचलं नसतं. काकांना मान मिळाला, तोही भाग आहेच.

पण मग सुरू झालं ते "कोणतरी".

"कोणतरी गेलो मां तो, सावंतवाडीकडचो, ह्याच ऑपरेशनात?" हे काकांनी विचारलं आणि खळ्यातली अर्धी माणसं मान हलवायला लागली. म्हणजे सगळ्यांना तो माहीत होता. नाव कोणालाच माहीत नव्हतं. चाकरमानी परत गेले तरी फोनवर तोच माणूस. मधाचं कोमट पाणी घे, सकाळी खाडीपर्यंत चालत जा, "तू काय एवढो जाडो नाय" हे सगळं मी हसून ऐकलं, त्याचा राग नाही. हा बिननावाचा मयत मात्र माझ्या उरावर बसला. शेवटी मी त्याचा माग काढला. आठ-दहा दिवस, चार फोन, एक चक्कर. निघालं काय, तर माणूस बांद्याकडचा, ऑपरेशन हर्नियाचं, आणि माणूस जिवंत. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मगे तो दुसरो असतलो."

तिथे मी हात टेकले. खळ्यात बसलेल्या बत्तीस माणसांच्या शंकेला उत्तर द्यायला डॉक्टर हजर नसतो, मी असतो, आणि मी म्हणजे ज्याला ऑपरेशनची हौस आलीय तो. माझं कोण ऐकणार? ऑपरेशन सव्वा वर्ष लांबलं. साखरेच्या दोन गोळ्यांच्या तीन झाल्या.

दुसरी रीत 2023 च्या दिवाळीनंतरची. कोणालाच काही न बोलता आई आणि बायको, दोघींनाच घेऊन कोल्हापूर गाठलं. आईला म्हटलं, तू फक्त ऐक, हो म्हणू नको. हे वाक्य कामाला आलं असं मला वाटतं.

आईने डॉक्टरांना पहिलाच प्रश्न त्या सावंतवाडीकरावरून विचारला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, धोका शून्य नाही; जिवाचा धोका साधारण हजारात एकाला, पित्ताशय काढतात त्या ऑपरेशनच्या आसपास. शिवण गळू शकते, पायात रक्ताची गाठ होऊ शकते, त्यासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी चालायला लावतो. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग काढतात तो परत उगवत नाही, पण खाण्यावर लक्ष नसेल तर वजन पुन्हा चढू शकतं, हेही सांगितलं. हेच सगळं मी वर्षभर घरी सांगत होतो, जवळजवळ याच शब्दांत. आईने आज पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

मग ती डाएटिशियन मॅडमकडे वळली आणि खळ्यात तिने एकदाही न विचारलेला प्रश्न विचारला. "मगे हो खातलो काय?"

मॅडमनी औषधाच्या बाटलीचं झाकण टेबलावर ठेवलं, तीस मिलीचं. सुरुवातीला एका वेळी एवढंच, तेही घोट घोट. आईने झाकण उचलून उजेडात धरलं. "ह्या तर तीर्थ झाला!" मॅडमना ते कळायला जरा वेळ लागला, मग त्याही हसल्या. पेज चालेल का? पेजेवरचं पाणी चालेल, पण त्याने भागणार नाही, दिवसाला साठेक ग्रॅम प्रोटीन लागतं. मग कुळथाचं कढण? गाळून द्या, चालेल. आणि प्रोटीनची पावडरही घ्यावी लागेल. मासा? महिन्याभराने, काटे काढून, कुसकरून. बायको लिहून घेत होती आणि आई तिला सांगत होती काय काय लिही ते. त्या अर्ध्या तासात ऑपरेशन माझं राहिलं नाही, तिच्या चुलीचं झालं.

जानेवारी 2024 मध्ये झालं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तेव्हा शेजारपाजारच्यांना आईच सांगत होती, गळतात, परत येतात, मॅडमनी आधीच सांगितलेलं. मला तोंड उघडावं लागलं नाही.

या रीतीची किंमत मोजावी लागते, ते लपवत नाही. काकांना बातमी लागली ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. "आमका सांगूक काय झाला होता?" शिमग्यापर्यंत बोलले नाहीत. पैशाचं पुन्हा भावालाच विचारावं लागलं, तेव्हा तोही जरा घुश्शातच होता. तुमचं घर लहान असेल, किंवा थोरल्यांचा शब्द झाला की बाकीचे गप्प बसत असतील, तर खळ्यातली रीत तुम्हाला जमेलही. माझ्या घरावरून सगळ्यांची घरं मोजू नयेत. दोन्हींचा मेळ घालायचा तर विम्याची चौकशी भावाकडून आधीच करून घ्यावी, चारचौघांत मात्र तारीख पक्की झाल्यावर सांगावं, निदान आठवडाभर आधी. काकांच्या बाबतीत मी तेवढं चुकलो.

नेताना एकच माणूस न्यायचं असेल तर पैसे देणारं नको, स्वयंपाकघर ज्याच्या हातात आहे ते न्या. आणि आमच्यासारखे कोल्हापूरला फोंडा घाटाने जाणार असाल तर आदल्या संध्याकाळीच निघा, आईला पुढच्या सीटवर बसवा आणि दाजीपूरला दहा मिनिटं गाडी थांबवा. घाटाने डोकं फिरलेलं माणूस डॉक्टरांचं काही ऐकून घेत नाही.