पास्त्याचा मीट सॉस: स्लो कुकर बरा की ओव्हनमधलं बिडाचं भांडं?

थँक्सगिव्हिंगचे सेल लागले की इथे न्यू जर्सीत दरवर्षी कोणीतरी विचारतंच, स्लो कुकर (मंद आचेवर तासनतास शिजवणारं विजेचं भांडं) घेऊ की ते एनॅमल चढवलेलं जड बिडाचं भांडं घेऊ, कारण अपार्टमेंटच्या किचनमध्ये दोन्ही ठेवायला जागा नसते. मी दोन्ही भरपूर वापरलीत आणि दोन्हीत मुख्यतः एकच गोष्ट केलीय, पास्त्यासाठी मांसाचा दणदणीत सॉस, इटालियन लोक रागू म्हणतात तो. त्यामुळे राजमा कशात चांगला होतो वगैरे मला विचारू नका, हे सगळं सॉसपुरतं आहे.

आधी स्लो कुकरच्या बाजूने बोलतो, कारण त्याची बाजू खरंच भक्कम आहे. सकाळी भरा, लो वर टाका, ऑफिसला जा, संध्याकाळी दार उघडलं की अख्खं घर वासाने भरलेलं. ओव्हन चालू ठेवून घराबाहेर जायची माझी तरी छाती नाही. वीजही कमी खातो, आणि जुलैत ओव्हन तीन तास पेटवला की एसीशी मारामारी होते ती वेगळीच. बुडाला लागत नाही, ढवळावं लागत नाही. आणि मांस मऊ होण्याबद्दल बोलाल तर तक्रारीला जागाच नाही, पोर्क शोल्डरचे मोठे तुकडे आठ तासांनी नुसत्या काट्याने सुटे होतात, कारण त्यातल्या शिरा-पडदे विरघळायला भरपूर वेळ मिळतो आणि रसाला एक चिकटसर गुळगुळीतपणा येतो तो त्यातूनच.

लो आणि हाय या दोन सेटिंगवर लोक उगाच वाद घालतात. बहुतेक मॉडेल्समध्ये दोन्ही शेवटी उकळीच्या आसपासच जाऊन थांबतात, फरक फक्त तिथे पोचायला किती वेळ लागतो याचा. फ्रीजरमधला गोठलेला खिमा मात्र तसाच आत टाकू नका, तो कोमट अवस्थेत फार वेळ राहतो आणि तेच धोक्याचं, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा.

आता खरं दुखणं. पाणी.

स्लो कुकरमधून वाफ जवळजवळ बाहेर जातच नाही. आपल्याकडे झाकणावर पाणी ठेवून भाजी शिजवतात ना, वाफ वर जाते, गार झाकणाला लागून परत आत ठिबकते, तसंच इथे दिवसभर चालू असतं. भाजीला ते हवंच असतं, सॉसला नकोय. टोमॅटोच्या डब्यात मुळात पाणीच जास्त, त्यात कांद्याचं सुटतं, गाजर-सेलरीचं सुटतं, खिम्याचं सुटतं, आणि जायला वाट नाही. काचेच्या झाकणाला आतून थेंब लोंबत असतात, उचललं की ते ओघळून कडेला पडतात आणि तिथे फिकट केशरी पाण्याचं रिंगण तयार होतं. ढवळलं की ते दिसेनासं होतं आणि वाटतं जमला सॉस. मग ताटलीत वाढा आणि दोन मिनिटं थांबा, मांस पास्त्यावर बसलेलं आणि खालून पाणी पसरलेलं. मला सॉस कसा हवा तर अंगाबरोबर रस, पास्त्याला धरून राहणारा. पाणचट रस्सा भाकरीबरोबर कुस्करून खाता येतो, टॅलियाटेलेबरोबर, म्हणजे त्या लांब चपट्या पास्त्याबरोबर, काय करणार?

यात यंत्राचा दोष आहे असं मी म्हणणार नाही, ते निघालंच मुळी बीन्ससाठी. इर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये ज्या भांड्याचं पेटंट मिळालं तेच पुढे रायव्हल कंपनीने विकत घेऊन १९७१ मध्ये क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं. बीन्स शिजायला पाणी आत टिकलेलंच बरं.

यावर उपाय आहेत आणि मी ते सगळे करून पाहिलेत. टोमॅटो कमी करून पेस्ट वाढवायची, स्टॉक घालायचाच नाही, झाकणाखाली स्वच्छ पंचा ताणून बसवायचा म्हणजे थेंब त्यात जिरतात (टोकं वर नीट गुंडाळून, गरम भागाला लागू न देता), किंवा शेवटचा तासभर हाय वर झाकण काढून ठेवायचं. फरक पडतो, नाही असं नाही. पण झाकण काढलं की उष्णताही जाते आणि आटण्याचा वेग फारच संथ, रात्रीचे नऊ वाजले तरी आपण भांड्यात डोकावतोय आणि पोरं सिरियल खाऊन मोकळी. शेवटी बऱ्याचदा मी तो सॉस कढईत ओतून गॅसवर आटवायचो, आणि तेव्हा मनात यायचंच की बाबा, मग दिवसभर तो कुकर कशाला लावला होता.

शिवाय परतायचं काम सुटत नाही ते नाहीच. रेसिप्यांमध्ये लिहितात सगळं कच्चं टाका आणि विसरा, खाण्याजोगं होतंही ते, पण मांस तांबूस व्हायला भांड्याचा तळ उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापावा लागतो, स्लो कुकरात ते शक्य नाही. वाईनचंही तसंच, झाकणाखाली तिचा कच्चा दर्प उडत नाही, आधी पॅनमध्येच आटवावी लागते. म्हणजे एक पॅन, एक क्रॉक (कुकरमधलं आतलं भांडं), आणि तो सिरॅमिकचा क्रॉक आमच्या सिंकमध्ये आडवा बसत नाही. असो.

बिडाच्या भांड्यात हे सगळं एकातच होतं. खिमा आधी न ढवळता तसाच पसरून ठेवायचा, चांगला खरपूस लागू द्यायचा, मग बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरी, मग वाईन ओतून तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यायचं. टोमॅटो, तेजपत्ता, पार्मेजान चीजची उरलेली साल असेल तर ती, आणि झाकण बोटभर तिरकं ठेवून ओव्हनमध्ये ३०० फॅरेनहाइटवर अडीच-तीन तास. अर्ध्या-पाऊण तासाने एकदा बघायचं. रस जसा खाली जातो तशी भांड्याच्या आतल्या भिंतीवर गडद तपकिरी रेघ उरते, ती लाकडी कालथ्याने सोडवून परत रसात ढकलायची. माझ्या मते चव तिथे आहे. स्लो कुकरच्या भिंतीवर ही रेघ नावालाच येते. आटण्याचं म्हणाल तर ते आपल्या हातात, पातळ वाटला तर झाकण काढा, घट्ट झाला तर अर्धी वाटी पाणी घाला.

त्रास आहेच. घरी थांबावं लागतं, भांडं जड आहे आणि मनगट दुखत असेल तर ओव्हनमधून काढताना दोनदा विचार कराल. महागड्या ले क्रूझे ब्रँडचीच गरज आहे असं मला वाटत नाही, लॉज कंपनीचं एनॅमलवालं माझं काम व्यवस्थित करतं. आणि शेगडीवर करता येणार नाही का, तर येईल, पण इथल्या भाड्याच्या घरांतल्या कॉइलच्या इलेक्ट्रिक शेगड्या अगदी मंद म्हणून ठेवल्या तरी मधूनच भडकतात आणि बुडाला लागतं, ओव्हनमध्ये चहूबाजूंनी सारखी ऊब मिळते. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरबद्दलही विचारतात, मांस झटपट शिजतं पण पाण्याची कथा तीच.

तुम्हाला कुठला सॉस आवडतो यावरही थोडं आहे. इटलीतल्या बोलोन्या शहराचा सॉस खिम्याचा, टोमॅटो त्यात बेताचाच. तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९८२ साली जी अधिकृत कृती नोंदवली गेली तिच्यात बीफ, पँचेटा (मिठात मुरवलेलं पोर्क) आणि चक्क दूध आहे. आमच्या घरी बीफ येत नाही, मी अर्धा लँब अर्धा पोर्क घेतो. हा खिमा स्लो कुकरात आठ तास ठेवला तर मला तो रवाळ लागतो, चार-पाच तासांत काढलेला बरा. दूध त्यात घालायचं तर शेवटी, नाहीतर फाटल्यासारखं दिसतं. नेपल्सचा रविवारचा रागू मात्र वेगळा, त्यात मांसाचे मोठे तुकडे टोमॅटोत तासनतास शिजतात, सॉस पास्त्याला जातो आणि मांस नंतर वेगळं वाढतात. असं काही करायचं असेल तर स्लो कुकरला मी नावं ठेवणार नाही, तुकडे बाहेर काढून ठेवा आणि रस तेवढा पॅनमध्ये दहा-पंधरा मिनिटं आटवा, छान होतो.

तर दोघंही सकाळी आठला बाहेर पडत असाल आणि शनिवार-रविवार मुलांच्या क्लासेसमध्ये जात असेल तर स्लो कुकर घ्या, पंच्याची युक्ती लक्षात ठेवा, नाराज होणार नाही. पण महिन्यातून एखादा शनिवार घरी मिळत असेल तर मी तरी भांडंच घेईन. एका वेळी दुप्पट करायचं आणि डब्यांत भरून फ्रीजर गाठायचा, मग मंगळवारी ऑफिसातून आल्यावर फक्त पास्ता उकडायचा राहतो. माझा स्लो कुकर अजून आहे, पॉटलकला मसाला दूध गरम ठेवायला नेतो.