सोसायटीचा हिशेब: एक्सेल की गूगल शीट्स?

मेंटेनन्सचा हिशेब कशात ठेवायचा, हा प्रश्न मुंबईतल्या सोसायटीत कमिटी बदलली की नव्या खजिनदारापुढे येतोच. बेरीज-वजाबाकी दोन्हीकडे सारखीच. खरा फरक कळतो तो मध्येच ओळ घालताना.

एक्सेल कधीकधी ओळ घालूच देत नाही. भरलेले सेल शीटबाहेर ढकलले जातील म्हणतं. हिशेब दोनशे ओळींचा, शीटमध्ये ओळी 10,48,576, मग अडतं कुठे? बहुधा कुणीतरी फॉर्म्युला किंवा बॉर्डर पार तळापर्यंत ओढलेली असते. कंट्रोल-एंड दाबा, कर्सर कुठे जातो ते बघा; हिशेबाच्या पार खाली गेला तर तेच कारण. हिशेबाखालच्या सगळ्या ओळी निवडून राइट क्लिकमधलं डिलीट वापरा (कीबोर्डवरच्या डिलीटने फक्त मजकूर जातो), मग सेव्ह करा. जुन्या कमिटीकडून आलेली फाइल एक्सएलएस असेल तर ती आधी एक्सएलएसएक्स करून घ्या. जुन्या प्रकारात 65,536 ओळीच मावतात. 2020 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या मोजणीतून सुमारे 16 हजार कोविड रुग्ण याच मर्यादेपायी सुटले होते.

शीट्समध्ये नवं पान हजार ओळींचं. तळाशी गेलात की आणखी ओळी जोडायचं बटण आहे. मर्यादा ओळींवर नाही, एकूण सेलवर: 1 कोटी, रिकामे धरून. सोसायटीला ती गाठायला पिढ्या जातील. इथली अडचण माणसांची. सचिवांनी रेंज प्रोटेक्ट केली असेल तर खजिनदाराला तिथे काही बदलता येत नाही. पण कोणी काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं, आणि कमिटीत त्याचं मोल फार.

बेरजेच्या अगदी वर ओळ घातली की ती बेरजेत धरली जाईलच, असा भरवसा दोन्हीकडे ठेवू नये. बेरीज शीटच्या सगळ्यात वरच्या ओळीत न्या. मर्ज केलेले सेलही काढून टाका, शोभेपेक्षा त्रासच जास्त.

दोघं-तिघं नोंदी करणार असाल तर शीट्स घ्या. एकहाती कारभार असेल तर मी एक्सेलच घेईन, पण कंट्रोल-टी दाबून आधी टेबल करीन. शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबला की नवी ओळ फॉर्म्युल्यासकट येते. मात्र शीट प्रोटेक्ट केली की टेबल वाढत नाही; पासवर्ड हवाच असेल तर तो फाइल उघडण्यासाठी लावा.