दर वेळी दुप्पट मतं, आणि गेलेले दहा लाख अठ्ठावीस हजार

नाशिकच्या सिडकोत माझी पिठाची गिरणी आहे, १९९४ पासून. शेजारच्या गाळ्यात मसाला कांडप. अंबडच्या कारखान्यांमुळे खान्देशातली पुष्कळ माणसं या वस्तीत येऊन राहिली, म्हणून माझ्याकडे गव्हाच्या डब्यांशेजारी कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र केलेल्या धान्याचे, डबेही रांगेत असतात. कोणाच्या घरी पाहुणे आलेत, कोणाचं दळण दोन महिने आलं नाही, हे मला विचारावं लागत नाही. त्याच ओळखीच्या बळावर मी महापालिकेची निवडणूक तीनदा लढलो. २००७, २०१२ आणि २०१७. तिन्ही वेळा अपक्ष, तिन्ही वेळा पराभव.

त्या पराभवांची मला लाज वाटत नाही. आमच्या गल्लीत पाणी अवेळी यायचं, बायका रात्र जागून भांडी भरायच्या, त्यासाठी मी पहिल्यांदा अर्ज भरला होता. लाज वाटते ती त्यानंतर जे झालं त्याची. तरीही लिहितो, कारण माझ्यासारखी आणखी दोन माणसं मला भेटलीत आणि न भेटलेली किती असतील कोण जाणे. दुकान, वर्कशॉप, क्लास, पार्लर चालवणारी, मनापासून नगरसेवक व्हायचंय अशी, एकदोनदा हरलेली माणसं. निवडून आणतो, तिकीट देतो म्हणून पैसे उकळणारे नेमके त्यांनाच शोधत येतात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एक गृहस्थ गिरणीवर आला. पस्तिशीचा, बोलायला अतिशय नम्र. त्याचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. हातात माझ्या तिन्ही निवडणुकांची आकडेवारी, केंद्रनिहाय, रंगीत छापलेली. म्हणाला, “अण्णा, तुम्ही हरला नाहीत. तुम्हाला तुमची ताकद कुणी मोजून दाखवली नाही.” मग त्याने तीन आकड्यांखाली पेनाने रेघ ओढली. २००७ ला ६८४ मतं. २०१२ ला १,३१०. २०१७ ला २,५९०. “दर वेळी दुप्पट. पैसा नाही, पक्ष नाही, पॅनल नाही, तरी दुप्पट. पुढच्या वेळी पाच हजार तुमचे हक्काचे. वर पक्षाचं चिन्ह जोडलं की निवडून आलातच.”

चौदा वर्षांत माझ्याशी माझ्या मतांबद्दल इतकं आदराने कोणी बोललं नव्हतं. मी त्याला चहा पाजला, पुन्हा यायला सांगितलं.

आता त्या आकड्यांचं खरं ऐका, कारण सगळी फसवणूक त्या एका रेघेवर उभी होती. २००७ ला वॉर्ड एका सदस्याचा होता. २०१२ ला दोन वॉर्डांएवढा प्रभाग झाला, दोन नगरसेवकांचा. २०१७ ला चार नगरसेवकांचा. दर वेळी मतदारच जवळपास दुप्पट झाले. डबा मोठा झाला, दळण तेवढंच होतं. उलट थोडं कमीच झालं होतं. पुरावा माझ्या कपाटात पडलेला होता: २००७ ला माझं डिपॉझिट परत मिळालं, नंतर दोन्ही वेळा जप्त झालं. वैध मतांच्या एक अष्टमांश मतं मिळाली नाहीत की डिपॉझिट जातं, हे मला चांगलं ठाऊक होतं. २०१७ ला माझ्या जागेवर निवडून आलेल्याला नऊ हजारांच्या वर मतं होती. आयुष्यभर धान्य मोजून घेणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही, कारण पाहायचंच नव्हतं.

पहिली मागणी लहान होती. पंचवीस हजार, ‘घरोघर सर्वेक्षण’. महिन्याभरात स्पायरल बाइंडिंग केलेला जाड अहवाल आला. गल्लीवार तक्ते, रंगीत वर्तुळं, शेवटी ‘निश्चित मतदार’ म्हणून नावांची यादी. पहिल्या पानावर माझा फोटो. हिने तो अहवाल चाळला आणि विचारलं, “अहो, आपल्या गल्लीत कोणी विचारायला आलं होतं का?” मी म्हणालो, तू दिवसभर घरात असतेस, तुला काय कळणार. हे वाक्य मला आजही टोचतं.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक लांबत गेली. ज्यांनी तो काळ इच्छुक म्हणून काढलाय त्यांनाच त्याची ओढ कळेल. आज होईल, दिवाळीनंतर होईल, पावसाळ्याआधी होईल. आधी तीन सदस्यांचे प्रभाग आणि नाशिकला १३३ जागा असं ठरलं. त्याने लगेच सांगितलं, हद्द बदलली, जुना अहवाल निरुपयोगी, नवीन करावा लागेल. चाळीस हजार. ऑगस्टमध्ये सरकारने तीन सदस्यांची रचना मोडून पुन्हा २०१७ चीच आणायचं ठरवलं. मग पुन्हा नवा अहवाल, पस्तीस हजार. खरं तर हद्द २०१७ चीच येणार असेल तर पहिलाच अहवाल चालायला हवा होता. हा प्रश्न मी विचारला नाही.

लोकसभेनंतर, २०२४ च्या जूनमध्ये, मतदारांच्या चिठ्ठ्यांचं मोबाइल ॲप घेतलं, साठ हजारांना. त्यानंतर दरमहा बारा हजार, चौदा महिने, ‘सोशल मीडिया’साठी. माझ्या पानाला अकरा हजार लोक जोडले गेल्याचं तो दाखवायचा. एका रात्री मुलाने ती नावं उघडून पाहिली. नाशिकचं क्वचितच कोणी, महाराष्ट्राबाहेरचीच बहुतेक. मुलगा चिडला, मी त्यालाच गप्प केलं. इथपर्यंत एकूण तीन लाख अठ्ठावीस हजार गेले होते, तेही हप्त्याहप्त्याने, त्यामुळे एकदम कधी जाणवलेच नाहीत. मसाल्याच्या हंगामात मिळवायचं आणि पावसाळ्यात त्याला द्यायचं असं चाललं होतं.

मोठा घाव तिकिटाचा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला आणि सगळीकडे हालचाल सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये आरक्षणाची सोडत निघाली, आमच्या प्रभागातली एक जागा सर्वसाधारण राहिली. त्याच संध्याकाळी त्याचा फोन. “अण्णा, वरून शब्द आलाय. पण पक्षनिधी द्यावा लागेल.” सात लाख, दोन टप्प्यांत.

बैठक मुंबई रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या खोलीत झाली. पक्षाच्या कार्यालयात का नाही, असं मी विचारलं. तर म्हणे तिथे इतर इच्छुक असतात, गाजावाजा होतो. आत पांढऱ्या कपड्यांतला एकजण बसलेला. आमचे मोबाइल बाहेर ठेवायला लावले. टेबलावर मोठ्या नेत्याबरोबरचा फोटो. असे फोटो कुठल्याही सभेत रांगेत उभं राहून काढता येतात, माझ्याकडेही आहेत. मग त्याच्याच फोनवरून स्पीकर लावून ‘साहेबांच्या पीएं’शी बोलणं. पलीकडचा आवाज म्हणाला, “गिरणीवाले अण्णा ना? साहेबांना तुमचा अहवाल आवडला.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू.

तीन लाख नोव्हेंबरात दिले. नवीन पल्व्हरायझरसाठी, म्हणजे दळणाच्या यंत्रासाठी, पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं होतं, ते वळवलं. उरलेले चार लाख २६ डिसेंबरला. त्यासाठी हिच्या पाटल्या गहाण पडल्या. हिने त्या काढून दिल्या, एक शब्दही बोलली नाही. सगळं रोख, पावती नाही. पक्षांना दोन हजारांवरची देणगी रोखीत घेता येत नाही, हा नियम २०१७ पासून आहे. पक्षनिधी खरा असता तर धनादेशाने दिला असता आणि पावती मिळाली असती. एवढी एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली असती तर पाटल्या घरात राहिल्या असत्या.

पक्षाचं तिकीट ज्या कागदांवर मिळतं त्या एबी फॉर्मबद्दल नीट सांगतो, कारण पहिल्यांदा उभे राहणाऱ्यांना हे कोणी समजावत नाही. ए फॉर्ममध्ये पक्ष कळवतो की उमेदवारी देण्याचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्याला दिला आहे, आणि त्याच्या सहीचा नमुना असतो. बी फॉर्मवर तो पदाधिकारी उमेदवाराचं नाव लिहून सही करतो. दोन्ही मूळ प्रती लागतात, सही शाईची लागते, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत त्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचाव्या लागतात. झेरॉक्स, स्कॅन केलेली सही, मोबाइलवरचा फोटो, काही चालत नाही. तुम्हाला कोणी तिकीट देतो म्हणाला तर ए फॉर्ममध्ये नाव असलेला पदाधिकारी कोण, एवढं विचारा आणि त्याला समक्ष भेटा. मी विचारलं नव्हतं. अपक्ष म्हणून तीन निवडणुका काढल्या, एबी फॉर्म कधी हातात धरला नव्हता.

यंदा शेवटचा दिवस ३० डिसेंबर होता. मी दरवेळी अपक्ष अर्ज तयार ठेवतो. याने तो ठेवू दिला नाही. म्हणाला, वर चुकीचा संदेश जातो, दोन दगडांवर पाय कशाला. सकाळी दहापासून मी विभागीय कार्यालयात उभा होतो. बारा वाजले, “फॉर्म निघालाय.” दीड वाजता, “द्वारका चौकात अडकलाय.” दोन पस्तीसला हेल्मेट घातलेला एक पोरगा माझ्या हातात पाकीट देऊन निघून गेला. सोबत ए फॉर्म नव्हता, नुसता बी. माझं नाव बरोबर टाइप केलेलं होतं. सहीवरून बोट फिरवलं तर शाई कुठेच उमटलेली नाही, काळे बारीक ठिपके. माझ्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या बाईंचा फॉर्म मी पाहिला, निळी सही, कागदाला मागून दाब जाणवत होता. इतक्यात त्याच पक्षाचा, त्याच जागेचा उमेदवार कार्यकर्त्यांसह आत आला. त्याच्याकडे दोन्ही फॉर्म होते.

मी माझा कागद टेबलावर ठेवलाच नाही. तीन वाजले, दार बंद झालं. तिकीट मिळवून देणाऱ्या त्या गृहस्थाचा फोन तेव्हापासून बंद आहे. १५ जानेवारीला मी मत देऊन आलो, आणि २००७ नंतर पहिल्यांदाच यंत्रावर माझं नाव नव्हतं.

तक्रार द्यायला मला नऊ दिवस लागले. अडवत होती ती एकच भीती: पैसे देऊन तिकीट घ्यायला गेलो होतो हे पोलिसांना, गल्लीला, मुलाला कळणार. तो डाव याच भीतीवर चालतो. मी सगळं खरं लिहून दिलं, स्वतःची चूक धरून. जुलै २०२४ पासूनच्या व्यवहारांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, आधीच्यांना जुनं ४२०. अहवालांचे, ॲपचे, दरमहाचे पैसे यूपीआयने गेले होते, त्यांच्या नोंदी बँकेतून काढून जोडल्या. सात लाखांचा मात्र एकही कागद नाही. तुमचे पैसे ऑनलाइन गेले असतील तर माझ्यासारखे दिवस घालवू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत गेलेले असतात.

तक्रारीनंतर सातपूरच्या एक पार्लरवाल्या ताई भेटल्या. त्यांच्याकडेही तसाच अहवाल. सतराव्या पानाच्या तळाशी आमच्या प्रभागाचा क्रमांक तसाच राहिलेला. वर्तुळं तीच, टक्के तेच. तिसरा एक क्लासवाला आहे, तो अजून तक्रार द्यायला तयार नाही. त्याने हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

पोलिसांना देण्याआधी मी पहिला अहवाल एकदा शेवटपर्यंत वाचला. ‘निश्चित मतदार’ यादीत समोरच्या गल्लीतल्या आजींचं नाव होतं. पहाटे सर्वांत आधी यायच्या, कळणा घेऊन, जाडसर दळून दे रे भाऊ म्हणायच्या. एप्रिल २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत त्या गेल्या. सर्वेक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचं. अहवालात लिहिलंय, ‘समक्ष भेट झाली, कौल अनुकूल’. त्याने नुसती मतदार यादी उतरवली होती. आणि यादीत आजी अजून जिवंत होत्या, कारण नाव वगळायचा नमुना ७ कोणीच भरला नव्हता. तीनदा त्या गल्लीत हात जोडत फिरलेल्या मीही नाही.

गेल्या सोमवारी त्यांच्या मुलाला बरोबर घेऊन तो भरून आलो.